न विचारता जाण्याची मुभा

प्रिय ठमू,

दोन वर्षांपूर्वी मी उपमुख्याध्यापिकेचं काम सोडलं, तेव्हा तुला सांगितलं होतं की गुडघे कुरकुरायला लागलेत, जिने चढवत नाहीत. तू लगेच गुडघ्याचे पट्टे पाठवलेस, वर रोज फोन करून घातलेस का म्हणून दटावलंस. माझे गुडघे ठणठणीत आहेत गं. थाप मारली होती. खरं कारण मी तुझ्या बाबांनासुद्धा धड सांगितलं नाही, आणि त्यांनीही खोदून विचारलं नाही. आज तुला सांगते. मधेच फोन करू नकोस. आधी सगळं वाच, मग काय बोलायचं ते बोल.

माझी शाळेतली कीर्ती तुला माहीतच आहे. मी जिन्यावर दिसले की वरच्या मजल्यावरचा गोंगाट बंद व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. त्या वर्षी मुलं तास चालू असताना टॉयलेटला जायच्या निमित्ताने उठायची आणि व्हरांड्यात टोळकी करून उभी राहायची. मी नियम काढला. तासाला शक्यतो बाहेर जायचं नाही. अगदीच अडलं तर फळ्याच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहून जायचं, आणि महिन्यात तीनदा नाव लागलं की घरी चिठ्ठी. आठवड्याभरात व्हरांडे ओस पडले. मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, आणि त्या दिवशी मी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली. असल्या फालतू गोष्टी बरोबर लक्षात राहतात बघ.

सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. मी तिला मुंगी म्हणायचे, कारण तिचं अक्षर मुंगीएवढं. उत्तरपत्रिका तपासताना माझे डोळे दुखायचे, पण गणित मात्र चोख. पहिल्या दोन महिन्यांत तिचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात पाच-सहा वेळा लागलं. एक चिठ्ठीही घरी गेली. पुढे ते नाव लागायचं बंद झालं. मी मनात म्हटलं, चला, पोर सुधारली. ती वाळत चालली होती, डबा खायच्या सुट्टीत एकटीच बाकावर डोकं ठेवून पडलेली असायची, हे सगळं मला दिसत होतं. वयात येतायत मुली, म्हणून मी पुढे जायचे.

सहामाहीला गणिताच्या पेपरला मीच त्या वर्गावर होते. पंचवीस मिनिटं झाली असतील, मुंगीने हात वर केला. "बाई, जाऊन येऊ?" मी घड्याळाकडे बोट दाखवलं. आत्ताच तर सुरू झालाय. थोड्या वेळाने पुन्हा हात. मी तिच्या बाकापाशी जाऊन हळू आवाजात सांगितलं, "जायचं असेल तर पेपर देऊन जा. परत आत घेता येणार नाही." परीक्षेचा तो नियम माझ्या आधीपासूनचा होता, पण मी तो किती चवीने सांगितला ते माझं मला माहीत. तिने अर्धवट सोडवलेल्या गणिताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन उचलून परत लिहायला लागली. तिच्या कपाळावर घाम होता. पंखा तिच्याच डोक्यावर फिरत होता.

घंटा झाली, पेपर गोळा झाले, मुलं ओरडत बाहेर पळाली. ही उठेना. मी म्हटलं, "चल गं, वर्गाला कुलूप लावायचंय." तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही आधी जा ना." ठमू, मला काय वाटलं असेल सांग? मला वाटलं, हिने कॉपी केलीय. बाकावर चिठ्ठी दडवून त्यावर बसलीय. इतकी वर्षं शिकवून मला तेवढंच सुचलं. मी तिचा दंड धरला आणि तिला उभं केलं.

बाकावर रक्त होतं. स्कर्टला, मोज्यांपर्यंत. क्षणभर मला कळेचना मी काय बघतेय. मग मी नेहमीचं बोलले, "अगं वेडे, पाळी आली तर सांगायचं नाही का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते नाही, बाई. माझं पोट आहे ते." आणि तिचे पाय गेले. मी तिला धरलं म्हणून डोकं बाकावर आपटलं नाही. सातवीतली मुलगी, ठमू, आणि हातात काही वजनच लागेना. मी माझा स्वेटर तिच्या कमरेभोवती गुंडाळला आणि शिपाईमामांना हाका मारल्या. माझा आवाज इतका चिरका निघाला की मला वाटलं दुसरंच कुणीतरी ओरडतंय.

अँब्युलन्स येईपर्यंत मी ऑफिसात धावले, तिच्या आईचा नंबर हवा होता. कारकुनाने मुंगीच्या नावाची फाईल काढून माझ्यापुढे उघडली. वरच पत्र होतं, हॉस्पिटलच्या कागदावर, डॉक्टरांच्या सहीचं. मुलीला मोठ्या आतड्याचा जुनाट आजार आहे, कोलायटिस. बरी असते आणि मधेच उचल खाते. तिला केव्हाही, न विचारता टॉयलेटला जाऊ द्यावं. दाराजवळ बसवावं. पाणी आणि खाणं रोखू नये, दुपारची गोळी खाण्यानंतर घ्यायची आहे. परीक्षेत बाहेर गेल्यास तेवढा वेळ वाढवून द्यावा. पत्र शाळा उघडली त्या आठवड्यातलं. आणि खाली निळ्या शाईत "पाहिले", तारीख, आणि माझी सही.

मी ती सही पुन्हा पाहिली. माझीच होती. शेवटच्या अक्षराला मी मारते ती शेपटीसुद्धा. त्या आठवड्यात रजेचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती, बसच्या मार्गाची पत्रं, असा गठ्ठा पुढ्यात होता, आणि मी एका बाजूने सह्या करत सुटले होते. त्या गठ्ठ्यात हे पत्र होतं. पत्र वाचल्याचं मला काही केल्या आठवेना, कारण मी ते वाचलंच नव्हतं. कारकून विचारत होता, "बाई, नंबर लिहून घेताय ना?" आणि मला आकडे दिसत होते पण वाचता येत नव्हते. गणिताच्या बाईंना, ठमू.

हॉस्पिटलात मुंगीची आई आली ती दुकानाचा बिल्ला छातीवर तसाच घेऊन. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ती विक्रीला असते. डॉक्टरांनी तिला आत नेलं, रक्त चढवावं लागेल म्हणून सांगितलं, आणि ती बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली. "मी शाळेत दोनदा आले होते. तुमचा तास चालू होता. ऑफिसातून सांगितलं, बाईंनी पत्र पाहिलंय, सही केलीय. म्हणून मी हिला रोज सांगायची, बाईंना सगळं माहीत आहे, तू बिनधास्त जात जा." मग थांबून म्हणाली, "चिठ्ठी आली घरी, तेव्हा हिने मला दाखवलीच नाही. माझी सही हिनेच केली. मला आत्ता सांगितलं तिने."

तिच्या पहिल्या वाक्यांचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. चप्पल काढता काढता मी दारातच खाली बसले. त्या पोरीच्या लेखी मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी तिला फळ्यावर नाव लिहायला लावत होते. माहीत असून मी म्हटलं होतं, पेपर देऊन जा. इतके महिने ती मुलगी रोज माझ्यासमोर बसून समजत होती की या बाईंना माझ्या पोटात काय होतंय ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही नाही. तुझ्या बाबांनी विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. आई मला बघून खोलीबाहेर निघून गेली. मुंगी उशीला टेकून बसली होती, हाताला सुई, त्याच हाताने चित्रं रंगवत होती. तिने मला तिची युक्ती सांगितली, अगदी प्रमेय मांडावं तशी. सकाळी काही खायचं नाही. शाळा सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मग बहुतेक दिवस निभतात. दुपारची गोळी खाऊनच घ्यायची असते, आणि खायचं तर नव्हतं, म्हणून गोळीही बंद. डबा ती वाटून टाकायची. मी विचारलं, "अगं, मला एकदा सांगायचं तरी." ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना." मला काहीही सांगता आलं असतं तेव्हा. मी खरं सांगितलं. म्हटलं, मुंगे, मी ते पत्र वाचलंच नव्हतं. तिने खडू खाली ठेवला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "न वाचता सही केलीत?" असा अस्सल धक्का मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. तिचं स्वतःचं आईच्या सहीचं प्रकरण ती तेवढ्यापुरती विसरलीच होती. मग आठवलं तिला, आणि आम्ही दोघीही खाली बघायला लागलो.

मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, पण ते म्हणाले, "पत्र फाईलला आहे ना, राहू दे. आपण होऊन कशाला काही लिहून द्यायचं?" मी लिहून दिलं. मुंगीच्या आईला, सहीनिशी, की मी हे वाचलं नव्हतं आणि चूक शाळेची आणि माझी आहे. त्याच दिवशी उपमुख्याध्यापिकेचं काम सोडते, नुसती शिकवेन, म्हणून अर्ज दिला. शिक्षकांच्या खोलीत मी नियम बदलायचं काढलं, तर विज्ञानाचे सर म्हणाले, "मग उद्यापासून सगळेच पोट धरून उठतील." मला त्यांचा राग आला नाही. ते माझंच वाक्य होतं, मी तिथेच बसून ते वीस वर्षं म्हणत आले होते. मी फक्त त्या बाकाचं वर्णन केलं. नियम बदलायचं त्याच बैठकीत ठरलं.

काय काय करायचं ते मुंगीनेच ठरवलं. मी तिच्यासाठी लाल रंगाचं कार्ड करून नेलं होतं, दाखवलं की जायचं. तिने नाक मुरडलं. "म्हणजे सगळ्यांना लांबून दिसणार. मला नुसतं उठून जाऊ द्या ना." म्हणून कार्ड रद्द. दाराजवळची जागा, शिक्षकांच्या टॉयलेटची एक किल्ली तिच्या कंपासपेटीत, माझ्या कपाटात तिचे कपडे एका साध्या पिशवीत. बाकावर पाणी आणि डबा, केव्हाही. आजारपणात बुडलेले तास गैरहजेरीत धरून तिला मागे ठेवायचं नाही, धडे घरी पोचवायचे. परीक्षेत ती बाहेर गेली की घड्याळ थांबवायचं. आणि फळ्याचा कोपरा सगळ्यांसाठीच पुसला.

ती परत आली त्या दिवशी माझ्याच तासाला उठली. मी फळ्यावर समीकरण लिहीत होते. बाकाचा आवाज ऐकला, दाराचा ऐकला, आणि मी मागे न बघता लिहीतच राहिले. मागून कोणीतरी खुसखुसलं. सात-आठ मिनिटांनी ती येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय." खरंच चुकलं होतं. विज्ञानाच्या सरांचं म्हणणंही थोडं खरं ठरलं. तीन-चार दिवस अर्धा वर्ग उठसूट बाहेर जात होता, मग व्हरांड्यात नुसतं उभं राहायला कंटाळला. मुंगी आता नववीत आहे. आजार गेलेला नाही, तो जाणारही नाही. मधे एकदा पुन्हा महिनाभर घरी होती, पण वर्ष बुडलं नाही. तिची आई समोर आली तर मान हलवते, बोलत नाही. तिने बोलावं असं मी कधी अपेक्षिलंही नाही.

आता ऐक, हे सगळं आज का. रविवारी तू फोनवर सांगितलंस की आपल्या बोकोबाला डॉक्टरांनी हाच आजार सांगितलाय. रडलीस, मग स्वतःलाच सावरत म्हणालीस, शाळेची काळजी नाही गं आई, शाळा चांगली आहे, पत्र ऑफिसात देऊन आले, बाईंनी पाहिलंय म्हणाले. आणि मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. तू चिडली असशील, आजीला नातवाचं काहीच नाही म्हणून. दूधबीध काही नव्हतं. तुझं ते शेवटचं वाक्य ऐकून मी कागद-पेन शोधायला उठले. ठमू, पाकिटावर तुझं नाव आहे, पण हे पत्र तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. उद्या रजा टाक आणि बोकोबाच्या वर्गाच्या बाईंना समोरासमोर भेट. त्यांना म्हण, माझ्या आईने पाठवलंय. त्यांच्या हातात हे दे आणि त्यांचं शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत समोरून उठू नकोस. माझी लाज वाटून एकही पान काढून ठेवू नकोस. त्यांनी विचारलं, तर सांग की या बाई दुष्ट नव्हत्या, मुलांवर त्यांचं प्रेमही होतं, त्यांना फक्त गठ्ठा लवकर संपवायचा होता.

तुझीच,
आई