सहीची जागा

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

पालम, ता. ७ जानेवारी १९९१

ती. स्व. अण्णांस,
धाकट्या उमाचा शि. सा. न. वि. वि.

आमी सगळे खुशाल हावोत. अभ्यास कसा करावा याचं तुमचं चार पानी पत्र पोचलं. ठरावीक जागा, ठरावीक वेळ आन् जवळ कोणी नको म्हणं! सेलूच्या तहसीलीपुढं चटईवर बसून, भोवती दहा माणसं कालवा करायलेली असताना तुमी लोकांचे अर्ज लिहिता, आन् एकांत मला सांगता? आमच्या पिठाच्या गिरणीत लाइट गेली तरच एकांत. गिऱ्हाईक शिव्या देतंय, हे कपाळाला हात लावतात आन् मी पोत्यावर बसून पुस्तक उघडते. लाइट जावी म्हणून देवाला हात जोडणारी पालममधी मी एकलीच असंल.

लय वैताग आलाय अण्णा. वाचताना समदं कळतंय, पेन उचललं की डोकं रिकामं. मुक्त विद्यापीठाचे चार स्वाध्याय २८ फेब्रुवारीच्या आत परभणीच्या केंद्रात पोचले तरच परीक्षेला बसता येतंय. आत्याबाईंनी मला एकच साल दिलंय. हुकलं तर पुस्तकं माळ्यावर, असं त्या चार बायांत बोलून बसल्यात. सासूचा शब्द, तो काय फिरत न्हाई. कच्चे कागद सोबत हायत. चुका तेवढ्या दाखवा, पक्कं मी लिहीन.

वैनीस नमस्कार. लोभ हायेच, तो आटू देऊ नका.

आपली,
उमा


सेलू, ता. १८ जानेवारी १९९१

चि. सौ. उमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद मिळाले. बाई गं, अक्षर म्हणावं की मुंग्या? समास नाही, पानांना क्रमांक नाही, दोन पानांवर पिठाची बोटं! प्रश्न 'का' विचारतो आणि तू 'कसं' ते सांगत सुटतेस. प्रश्न दोनदा वाचावा, काय विचारलंय त्याखाली रेघ ओढावी आणि मगच पेन उचलावं, हे मी आधीच लिहिलं होतं. तुझं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

असो. वीस वर्षं मी लोकांची दुखणी कागदावर मांडतोय, पक्षकार खाली अंगठा लावून मोकळा होतो. मग सख्ख्या बहिणीचं का करू नये? तीन दिवस बसून चारही स्वाध्याय नीट मांडले, शाईनं उतरवले आणि तुझ्या नावानं परस्पर केंद्राला रजिस्टर टपालानं पाठवले. चौथ्या स्वाध्यायात शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज लिहायचा होता. तो असा उतरलाय की हेडमास्तर खुर्ची सोडून उभे राहतील! आता निर्धास्त हो आणि परीक्षेची तयारी कर.

जावईबापूंस नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मन्मथअप्पा


पालम, ता. ११ फेब्रुवारी १९९१

ती. स्व. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे शाईचे चारही स्वाध्याय परत आले. वर लाल शेरा हाय: 'प्रवेशाच्या फॉर्मवरील अक्षर आणि हे अक्षर जुळत नाही. विद्यार्थिनीने स्वतः लिहून मुदतीत द्यावे, अन्यथा परीक्षेस बसता येणार नाही.' पाकीट आत्याबाईंच्या म्होरं फोडलं. त्या एवढंच बोलल्या की बघ, तुझं तुला येतच न्हाई. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता सतरा दिवस राहिले.

अण्णा, मी तुमची पक्षकार न्हाई. चुका दाखवा म्हणलं होतं, माझ्या जागी बसा म्हणलं नव्हतं. आज लिहितेच. मी सातवी झाले तवा हेडमास्तर दाखला द्यायला तयार नव्हते, पोरगी हुशार हाय म्हणत होते. आपल्या वडलांनी, आप्पांनी तुमाला अर्ज लिहायला लावला. 'मला पुढे शिकण्याची इच्छा नाही, तरी दाखला मिळावा.' मोत्यावानी अक्षर तुमचं, आन् खाली माझी सहीबी तुमीच केली. मी परसात चिंचा फोडत बसले होते. मला कुणी इचारलंबी न्हाई.

राग आला असंल तर येऊ द्या. मला पंधरा वर्षांपासून आलेला हाय.

उमा


सेलू, ता. १५ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. उमास,
आशीर्वाद.

सकाळपासून तीन पत्रं फाडली. दुसऱ्याची कैफियत अर्ध्या तासात मांडतो, माझी मला मांडता येईना. तो अर्ज मला आठवतो. आप्पा बोलले आणि मी लिहिला. त्यांच्यापुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती, पण उठून परसात येऊन तुला विचारायला काही टाप लागत नव्हती. ते केलं नाही. चुकलो.

चार पानी उपदेश फाडून टाक. एकच सांगतो. पुस्तक मिटव, गिरणीत जी बाई बसली असेल तिला ते समजावून सांग आणि जे सांगितलंस तेच लिही. माझा पक्षकारसुद्धा आधी बोलतो, मग मी लिहितो. टपालाचा भरवसा धरू नकोस. पाकीट एसटीनं पाठव, परभणीच्या केंद्रात मी स्वतः देईन. फोडणार नाही.

तुझा,
मन्मथअप्पा


पालम, ता. २६ फेब्रुवारी १९९१

ती. स्व. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

झाले एकदाचे चारही! तुमची युक्ती लागू पडली. मालनबाई ज्वारी घेऊन बसली होती, तिला मतदानाचा धडा सांगितला. 'का?', 'बरं मंग?', 'असं कसं?' करून तिनं पार भंडावून सोडलं. तिला सांगता सांगता मलाच समजलं. पिठाची बोटं एका पानावर पडलीच, पण पान बदलायची न्हाई मी. हे पत्र आजच सांजच्या गाडीनं सेलूला धाडते, पाकीट उद्या सकाळच्या परभणीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते. तुमी परभणीच्या स्टँडवर लवकर जा, तुमाला चहा प्यायला बसायची खोड हाय.

उमा


परभणी स्टेशन, ता. २७ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. उमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एसटी दीड तास उशिरा आली. चहा प्यालो नाही. पाकीट शिवलेलं होतं तसंच केंद्रात दिलं. तिथल्या सरांनी माझ्यासमोर फोडलं आणि फॉर्मवरचं अक्षर ताडून पाहिलं. जुळलं. माझी मेली नजर सवयीनं कागदावर जातेच. टेबलाच्या अलीकडून उलटा दिसत होता चौथ्या स्वाध्यायातला तुझा अर्ज. ना मेहेरबान, ना हुजूर, दोनच ओळी. 'मला शिकायची इच्छा हाय. ती तवाबी होती.'

सर विचारत होते की विद्यार्थिनी तुमची कोण. धाकटी बहीण, म्हणालो.

स्वाध्याय घेतले. परीक्षेचं प्रवेशपत्र हाती मिळालं, ते यासोबत पाठवतो. सहीवाचून चालणार नाही म्हणाले आणि पेनही पुढं केलं, भाऊ आहात तर टाका म्हणाले. खाली उजवीकडं जागा कोरी आहे. तिथं तू सही कर.

तुझा,
अण्णा