आधी जेवायचं कुणी?

प्रिय आत्याबाई,

सून शालनचा साष्टांग नमस्कार. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहितेय, म्हणजे कागद नासला असं म्हणायला नको.

लिहायचं कारण, काल मृण्मयी आली होती. 'घरात आधी कोण जेवतं, मागून कोण' याचा अभ्यास करायला शहरातून यायची ती! तिचा प्रबंध पुरा झाला. त्यात एक अख्खं प्रकरण स्वतःच्या चुकांवर आहे. आपल्याकडं माणूस मरेस्तोवर चूक कबूल करत नाही, आणि ही छापून, बांधून आणते!

चूक तरी कुठली? ती जेवायला बसली की तुम्ही आम्हा सुनांवर ओरडायचात, "पाव्हणी एकटी जेवंल व्हय? बसा गं समद्या!" तव्यावरची भाकरी थेट ताटात! तिनं बघितलं आणि लिहून टाकलं, 'या घरी बाया आधी जेवतात.'

मग एकदा विसरलेला चार्जर न्यायला ती अचानक परत आली. गडीमाणसांची पंगत चाललेली, आम्ही वाढतोय, आणि तुम्ही टोपल्यात काय उरलंय ते चाचपताय. बिचारीचं तोंडच उतरलं. "आजी, मी खोटंच लिहिलं की!"

तुम्ही म्हणालात, "खोटं कशापायी? तू हाय तवर खरंच हाय. खोडायचं तर खोड, पण येत जा बाई. सुनांना गरम मिळतंय."

म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं! मग पाव्हणी नसताना का हो नाही बसवलंत आम्हाला? आणि स्वतः कधी बसलात?

अशा पुस्तकात खरी नावं देत नाहीत म्हणे. तुमचं नाव तिनं चंपाबाई केलंय. हो, जिच्याशी तुम्ही जन्मभर बोलला नाहीत त्या तुमच्या जावेचं! तिला बिचारीला काय ठाऊक? रागावू नका.

काल मात्र ती शहाणी होऊन आली होती. "काकू, माझ्यामुळं घर बदलतं. या वेळी मी सगळ्यांच्या मागून जेवणार."

झालं! हे म्हणाले, "पाव्हणी उपाशी अन् मी जेवू? न्हाई जमायचं." ह्यांच्याआधी मी जेवेना, माझ्याआधी सून अश्विनी जेवेना. मी नैवेद्य दाखवला होता, म्हणून एकटा देव तेवढा जेवला!

शेवटी अश्विनी चुलीपुढून कडाडली, "मामंजी, बसा समदे, न्हाईतर मी तवा उतरवते!" सगळे बसलो. वाढणार कोण? हे उठले! मीठ पानात कुठं वाढतात हे ह्यांना साठीत कळेना. माझ्या भाकरीवरच ठेवलं. मृण्मयीनं वही काढली.

मी म्हटलं, "आत्ता नको लिहू. तू गेल्यावर टिकलं तर लिही."

"ते मला कसं कळणार, काकू?"

"विसर काहीतरी, अन् ये परत."

आज हे सवयीनं एकटेच पाटावर बसले. मी अश्विनीला हाताला धरून आणलं आणि दोघी ताटं घेऊन शेजारी बसलो.

"आज काय गं?" हे म्हणाले.

"काही नाही. आम्हाला पाव्हण्या समजा."

ह्यांनी आमच्या ताटांकडं बघितलं. मग भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली.

आत्याबाई, तुम्ही आयुष्यभर सगळ्यांच्या मागून गारढोण खाल्लंत. आता शब्द देते: तुमच्या श्राद्धाला तव्यावरची पहिली पोळी तुमच्या पानात पडेल, वाफ निघत असताना. कावळ्याला फुंकर मारून खावी लागली तरी चालेल!

तुमची,
शालन