पत्र्याची होडी म्या निवडली

चूक माझी आन् नाव तुमचं, हा कुठला न्याय? जाण्याआधी एकदा तरी चारचौघांत खरं बोलायचं व्हतं! तुमी गेलात निवांत, आन् इथं तुमाला अडाणी ठरवलेलं मला ऐकावं लागतंय.

भारतच्या बापाला, गोदावरीचा नमस्कार. दुसरीपातूरच्या शाळेवर लिवतेय, अक्षराला हसू नका.

आजच कागद घेऊन बसले, त्याला कारण आपली सून. सुनंदा जुनी होडी घेतेय. आपलं रान अजून धरणाच्या पाण्यापलीकडंच हाय, आन् सडकेनं वळसा घालून जायचं म्हणजे दिवस मोडतो. काल माझी जाऊ, आपली कौसाबाई, तिला म्हणाली, "पोरी, फायबरची घे न्हायतर लाकडाची घे, पण तुझ्या सासऱ्यावानी पत्र्याला भुलू नको. गेलेल्या माणसाला बोलू न्हाय, पण होडीतलं त्यांना काय कळत न्हवतं."

म्या काय केलं? खाली मान घालून डाळीतले खडे वेचत बसले. डाळीत खडा एक बी न्हवता.

आठवतंय का उजनीच्या काठावरचा तो मासे धरणारा? तीन जुन्या होड्या पालथ्या घालून ठेवल्या व्हत्या. लाकडी तुमी लांबूनच नको म्हणलात. "आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी आटतं. ही कोरडी पडली की फळ्या आकसणार, फटी पडणार." फायबरच्या होडीला एक तडा व्हता, त्याच्यावर तुमी हात फिरवत बसलात. "हिचं दुखणं वर दिसतंय. कापड आन् रसायन लावून घरी बुजवता येतं."

आन् म्या! "प्लास्टिकच्या टोपल्यात बसून मरायचं व्हय?" म्हणून हसले. बाजारात पातेलं घेताना जड बघून घ्यायचं, बोटानं वाजवून बघायचं, एवढंच मला ठाऊक. पत्र्याची होडी वाजवली, ठणकन वाजली. वरून ताजं डांबर, काळंभोर. झालं, ठरलं!

तुमी खिशातला चाकू काढलात. बुडाचं डांबर खरवडून आतला पत्रा बघायचा व्हता. तर म्या तुमचा हात धरला. त्या माणसाच्या बायकोनं नुकताच चहा पाजलेला, कपबशा अजून तिथंच. म्हणलं, "लोकाचा चहा पिऊन लोकाच्या वस्तूला ओरखडे काढता? काय लाज हाय का?" ती बाई हसली, तो माणूस हसला. तुमी चाकू मिटला.

लाजायचं म्या व्हतं, आन् लाजवलं तुमाला.

दोन उन्हाळे होडी गाळात बसली. वर डांबर तसंच, आतून गंजानं पत्रा खाल्ला. मग एकदा तुरीची पोती घेऊन येताना, म्या आन् कौसाबाई होडीत, तुमी वल्ह्यावर, बूड पायाखाली पापडावानी मोडलं. काठ जवळ व्हता म्हणून जीव वाचले. तुरी गेल्या. कौसाबाईची पोटरी फाटक्या पत्र्यानं चिरली. ती आजबी पाय ओढत चालती.

पारावर तिच्या भावांनी इचारलं, "ही होडी पसंत कुणी केली?" म्या पदर तोंडाला लावून तिथंच उभी. तुमी माझ्याकडं बघितलं. एकदाच. आन् म्हणलात, "म्या."

का हो? मला झाकायला तुमाला कुणी सांगितलं व्हतं? घरी येऊन दोन शिव्या हासडल्या असत्या, तर माझंबी तोंड उघडलं असतं. तुमी म्हणलात, "भाकर वाढ." आन् म्या वाढली!

मग लोकं तुमाला डांबरशेठ म्हणायला लागली. गिरणीत एकीनं ते नाव घेतलं तवा म्याबी हसले. सगळ्यांच्या बरोबर, मोठ्यानं. तुमी दारात पीठ न्यायला उभे व्हतात. डबा खांद्यावर घेतलात आन् चालायला लागलात. हे आजपातूर कुणाला सांगितलं न्हाय.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणणार व्हते, माझं चुकलं. तुमी डोळे उघडून बघत व्हता. म्या इचारलं, "पाणी पायजे का?" एवढंच आलं माझ्या तोंडातून! गावभर चालणारी जीभ, तिथंच कशी लुळी पडली?

आता ऐका. उद्या सकाळी कौसाबाईच्या घरी जाणार हाय. भारतला आन् सुनंदाला तिथंच बोलावलंय. तिच्या पायाकडं बघून सांगणार, होडी म्या निवडली, चाकू म्या अडवला, ह्यांना सगळं कळत व्हतं. हा माझा शब्द. मग सुनंदानं कुठलीबी होडी घ्यावी, माझं मत कुणी इचारू नये.

कौसाबाई सोडायची न्हाय. "आक्का, एवढी वरसं तुमची जीभ कुठं व्हती?" म्हणंल. भारत मधी पडंल, "जाऊ दे काकी" म्हणंल, त्याला म्या गप्प बसवीन. आन् तुमीबी, जिथं असाल तिथून, माझ्या वतीनं एक अक्षर काढू नका. इचारलं मला, उत्तर मलाच देऊ द्या.

तुमची
गोदावरी