न चिकटणारी पट्टी

आबा, आज एका मेंढीच्या पाठीवरची पट्टी काढली. घरी आले, हात धुतले, चहा टाकला आणि तो तसाच ठेवून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मेंढरांची बातमी अजूनही आधी तुम्हालाच द्यावीशी वाटते.

साखरेच्या दुखण्यानं चिघळलेला पाय घेऊन तुम्ही सोलापुरात माझ्याकडे राहायला आलात, कळप दादाच्या हवाली करून, ते दिवस आज वाटभर आठवत होते. सकाळची वेळ, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तुम्ही पाटावर बसलेले, पाय माझ्या मांडीवर. मी पट्टी मिठाच्या पाण्यानं भिजवते, नर्सनं शिकवलं तसं सगळं करते, तरी शेवटचा पदर काही सुटत नाही. ओढला की खालची कोवळी कातडी त्याच्याबरोबर निघून येते. "झालं आबा, झालं," असं मी म्हणत राहते आणि झालेलं काहीच नसतं. एकदा मात्र तुम्ही चिडलात. "रोज आमी कातडं पिकवायचं आन् तुमी कापून न्यायचं, व्हय?" मग माझा चेहरा बघून स्वतःच हसलात. "एवढी शिकलीस, न चिकटणारी एखादी पट्टी कर की." चेष्टाच होती ती, पण मी ती मनावर घेतली.

ती कशी करतात ते सांगते. तुम्ही चष्म्याच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून धोतरानं पुसायचात ना, सगळा खेळ त्या वाफेचाच. अंगात हळूहळू विरून जाणारं एक पॉलिमर असतं, प्लास्टिकच्या जातीतलंच. ते एका द्रवात विरघळवून काचेवर पातळ पसरायचं आणि वरून ओलसर हवा सोडायची. तो द्रव भराभर उडतो, त्यानं वरचा थर गार पडतो आणि त्याच्यावर दव धरतं. ते थेंब आपले आपणच एकमेकांना खेटून बसतात, रात्री जाळीच्या कुंपणात मेंढरं बसतात तसे. कुणी हाकायला लागत नाही. मग पाणीही उडून जातं आणि ते बसले होते तिथे तेवढी भोकं राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मधाचं पोळं दिसतं. भोकं अशी बारीक, की जखमेला हवा लागते, पण नवी कातडी त्यांच्यात गुंतत नाही.

आता सोलापुरात ओलसर हवा आणायची कुठून? उन्हाळ्यात इथे धुतलेला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. त्यात यंदा प्रयोगशाळेत एसी आला. आम्ही खूश. खडखडणारा जुना कूलर व्हरांड्यात काढला, आणि काचेवरच्या त्या पातळ फिल्म अशा नितळ निघायला लागल्या की येणारा-जाणारा वाहवा करायचा. आम्हीही केली. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तर एकीलाही भोक नाही. पॉलिमरला शिव्या घातल्या, नवं मागवलं, तेही तसंच. मी पार हात टेकले होते. माझी सहकारी विणकरांच्या घरातली आहे, शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, हवा कोरडी झालीय की एसीनं. आमच्याकडं सूत तुटाय लागलं की आधी जमिनीवर पाणी मारतात." एसी बंद केला, कूलर पुन्हा आत घेतला, भोवती ओले टॉवेल टांगले. दुसऱ्या दिवशी फिल्म दुधासारखी पांढरी निघाली, म्हणजे भोकं धरली होती, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो.

परवानग्या मिळायलाही बराच वेळ गेला. मग सांगोल्याजवळ, तारेत अडकून पाठ फाटलेल्या एका मेंढीला ती पट्टी लावली. आज जनावरांच्या डॉक्टरांबरोबर काढायला गेले. मालकानं मेंढीचं डोकं काखेत धरलं होतं. "काढा बिनघोर, मी धरलीया," ते म्हणाले. डॉक्टरांनी चिमटा माझ्याच हातात दिला. ही चिकटली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि मला पुन्हा त्याच ओट्यापाशी जाऊन बसल्यासारखं झालं असतं. मी एक कोपरा उचलला. नीट भाजलेली भाकरी तव्यावरून सुटावी तशी पट्टी सुटली. खाली गुलाबी कातडी जागच्या जागी. मेंढी रवंथ करत राहिली.

एका मेंढीनं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. माणसाच्या पायापर्यंत जायला अजून खूप काम आहे. पण जाईल, असं आज पहिल्यांदा वाटलं, आणि फार बरं वाटलं आबा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. पट्टी सुटत होती तेव्हा माझं तोंड आपोआप चाललं होतं. मालकानं विचारलं, "आबा कोण वो?" मी म्हटलं, "कोण न्हाय, मेंढीलाच म्हणाले." ते हसले. मी "झालं आबा, झालं" म्हणत होते, आणि या वेळी खरंच झालं होतं.