गोचीड उडत नाही

३० जुलै १९७८, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना असते.
काल वसमतला जनावरांच्या डॉक्टरांचं गोचीड-तापावर लेक्चर झालं. एसटीच्या कृपेनं अर्ध्यात पोचलो. पुढं बाहेर भजी निघाली, म्हणून शेवटही थोडा हुकला. तरी सार हाती लागलं. ताप गोचीड चावल्यानं येतो. गावरान ढोर बहुतेक तग धरतं, संकरित गाईच्या जिवावर बेततं. आणि गोचीड उडत नाही. बाकीचं तर्कानं कळतं. शिरड शहापुरात एवढं सायंटिफिक ज्ञान सध्या माझ्या एकट्याकडे.
आपली राणी संकरितच. मेहुणे व्यंकटराव यांनी त्यांच्या हट्टा गावाहून बहिणीला, म्हणजे आमच्या बायकोला, दिलेली. शालूचा सगळा जीव त्या गाईत. महालक्ष्म्यांना व्यंकटराव जेवायला येणार, म्हणजे आधी गाय बघणार. देतानाच म्हणाले होते, दाजी, सांबाळनं जमत नसंल तर आत्ताच सांगा.

१ ऑगस्ट
पारावर लोकांच्या शंका घेतल्या. शेजारचा जळबा म्हणे, एका गाईचा ताप दुसरीला शिंकंतून लागतो काय. म्हटलं, नाही, मधी गोचीड पाहिजे. (हे डॉक्टरांचंच उत्तर, पण माझ्या तोंडी जास्त शोभलं.) शकुबाई म्हणे, मंग ह्या ढोरावरून त्या ढोरावर त्यो येतो कसा. म्हटलं, चालत. लोक हसले. विषय अवघड असला की लोक हसतात.
जळबा म्हणे, अन् खाली पडल्यावर कुठं जातो. हा भाग भज्यांच्या वेळी झाला असावा. म्हटलं, मरतो. खाली खाणार काय?

६ ऑगस्ट
संकल्प: पोळ्याला गावचा एकही बैल गोचिडासह मिरवणार नाही. येत्या रविवारी सामुदायिक गोचीड निर्मूलन. स्थळ: आमचं अंगण. वक्ता: मी.

८ ऑगस्ट
शालू म्हणे, काहून आपल्याच दारात. समजावलं की राणी चार हात लांब बांधू. गोचीड उडत नाही. म्हणे, पन चालतो म्हनला ना तुमी. विषय बदलला.

११ ऑगस्ट
स्वच्छतेसाठी कोंबड्या जळबाकडे धाडल्या. शालू म्हणे, त्या गोचीड टिपून खातात. आता शास्त्र कोंबड्यांकडून शिकायचं.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
अभूतपूर्व यश. सारा गाव ढोरांसकट दारात. प्रत्येकानं आपापल्या बैलाचे गोचीड उपटले अन् खाली टाकले. शकुबाई रॉकेलच्या डब्यात टाकत होती. तिला थांबवलं. रॉकेल मिळत नाही, अन् पडलेला गोचीड मेलेलाच. लेक्चर पाऊण तास. ऐकायला बैल होते.

२ सप्टेंबर, पोळा
काय दिसत होते बैल. मारुतीपुढे छाती फुगवून उभा राहिलो. कोणी कारण विचारलं नाही. गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत काही वळवळतंय. मुंग्या.

६ सप्टेंबर
राणी खुंट्याला अंग घासते. लाडात आली. शालू म्हणे, कानात गोचीड हायेत. शक्य नाही. गाव गोचीडमुक्त आहे.

९ सप्टेंबर
राणीनं चारा सोडला. अंग तव्यासारखं. कारण: ऊन. गोचीड-ताप असूच शकत नाही, कारण गोचीडच नाहीत. शालू गाईपाशी बसून रडली. खरं सांगायचं तर मलाही फार भीती वाटली. उद्याही फरक पडला नाही तर डॉक्टर बोलावण्याचा विचार करावा, असा विचार आहे.

१० सप्टेंबर, महालक्ष्म्या
शालूनं मला न विचारता जळबाला सायकलवर औंढ्याला पिटाळलं. डॉक्टर तेच, वसमतचे लेक्चरवाले. राणीच्या खांद्यापुढची गाठ चाचपली, इंजेक्शनं दिली, अन् विचारलं, ढोरं कुठं जमवली होती. मी तोंड उघडायच्या आत शालू अन् जळबा दोघांनी सांगितलं.
मग त्यांनी काडी घेऊन भिंतीची भेग उकरली. मुंग्या नव्हत्या.
तेवढ्यात गाव लोटला. डॉक्टरांनी शंका घेतल्या. पडल्यावर गोचीड मरतो का? नाही, भेगेत दडतो. तिथं काय करतो? अंडी घालतो. पिल्लं? भुकेली असतात, जवळचं ढोर गाठतात. प्रत्येक उत्तराला लोक माझ्याकडे बघत. माझ्या प्रोग्रामपेक्षा गर्दी जास्त होती, अन् मी राणीचं दावं धरून उभा. व्यंकटराव जेवायला आले ते नेमके याच वेळी. पुरणपोळी त्यांनी गोठ्याकडे तोंड करून खाल्ली.

१७ सप्टेंबर
राणी वाचली. काल रवंथ केला, आज शालूला ढुशी दिली. आनंदानं मलाही रडू आलं. घाम पुसल्याचं दाखवलं.
डॉक्टरांचा हुकूम: भिंती लिंपून, भेगा बुजवून होईपर्यंत या गोठ्यात गाय नको. व्यंकटराव तिला हट्ट्याला न्यायला आले. राणी शालूशिवाय कोणाला दूध देत नाही, म्हणून शालूही निघाली. मीही पिशवी भरली. व्यंकटराव म्हणाले, दाजी, जरा दम धरा. तुमच्यापासून गाईला काई व्हतं का, ते डाक्टरला इचारून कळवतो.

२४ सप्टेंबर
निरोप नाही.