निरोगी वारेची उरलेली एक काच

प्रति,
मा. विभागप्रमुख,
विकृतिशास्त्र विभाग,
वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय.

विषय : वारेचा अहवाल क्र. ४१७ दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले परिपत्रक, 'निरुपयोगी काचा नष्ट करणे'.

महोदय,

१. अर्जदार आपल्या विभागात सत्तावीस वर्षे ऊतींचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या काचांवर चढवते. गेल्या वर्षी आपल्या समितीने रोग न दिसणाऱ्या काचा निरुपयोगी ठरवून फोडल्या. त्यांत पूर्ण दिवसांच्या बाळंतपणातल्या निरोगी वारेच्या चाळीस काचा होत्या. मग रोग कशाशी ताडून ओळखायचा, हा प्रश्न समितीतल्या तिघांपैकी एकालाही पडला नाही. चहा मात्र दोनदा मागवला गेला.

२. परिणामी आपल्या नव्या डॉक्टरांनी निरोगी वार जन्मात पाहिलेली नाही. माझ्या मुलीच्या वारेवर त्यांनी "केंद्रकांचे गुच्छ, गुलाबी थर, चुन्याचे कण, वार जीर्ण व सदोष" असा शेरा मारला आणि आपण डोळे झाकून सही केलीत. नऊ महिने भरले की हे तिन्ही थोडेफार दिसतेच. म्हातारीचे केस पिकले म्हणून तिला आजारी ठरवण्यातला हा प्रकार आहे.

३. पुस्तक उघडण्यास आपणांस सवड नसावी, म्हणून थोडक्यात लिहिते. वार ताटलीएवढी, सुमारे अर्धा किलो. बाळाकडची बाजू गुळगुळीत, आईकडची खंडाखंडांची. नाळेत दोन रोहिण्या, एक नीला. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, दाट अंकुर. बाळाचे रक्त त्यांच्या आत, आईचे बाहेर, मध्ये पातळ पडदा. माझ्या मुलीच्या वारेत यातले काहीही कमी नव्हते. काप मीच घेतले होते.

४. बाळ दुसऱ्या दिवशी हृदयाच्या जन्मजात दोषाने गेले. बालरोग विभागाने तसे लिहून दिले आहे. पण मुलीच्या हाती आधी आपला अहवाल पडला. ती जेवत नाही. म्हणते, "आई, मीच त्याला पोटात उपाशी ठेवलं." बाळ सव्वातीन किलोचे होते, महोदय.

५. तोंडी विनंती केली तेव्हा, तुलनेस निरोगी वारेची काच सादर केल्याशिवाय अहवाल बदलता येत नाही, असे आपण सांगितलेत. हे सांगताना आपला चेहरा जराही हलला नाही. एक काच अर्जदाराने परिपत्रक मोडून लपवली होती. ती सोबत आहे. माझ्यावर कारवाई खुशाल करावी, पण दोन्ही काचा शेजारी ठेवून आधी एकदा बघावे आणि "वार सर्वसाधारण" एवढे दोन शब्द लिहून द्यावेत.

आपली, नियमाप्रमाणे नम्र,
(सही)
तंत्रज्ञ, ऊती प्रयोगशाळा
दि. १४ मार्च

सोबत :
१) मुलीच्या वारेची काच.
२) बालरोग विभागाचा दाखला.
३) निरोगी वारेची काच, सव्वीस वर्षांपूर्वीची. वार माझी आहे. तिच्यावर वाढलेली मुलगी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसली आहे.