दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, श्रीमती जुलियाना बेसिल तुस्कानो, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही आणि डोकं ठिकाणावर आहे. माझ्या दिराला, एरॉलला, तसं वाटत नसेल तर त्याच्यासाठी कलम तीन आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टर माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही असं ते इतक्या वेळा म्हणाले की मी वकीलबाईंना फोन केला.

कलम एक. राहतं घर, मागची वाडी, विहीर आणि बँकेतल्या ठेवी माझ्या बहिणीची मुलगी प्रिन्सी हिला मिळाव्यात. आम्हाला मूलबाळ नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी. गाडीला जागा हवी म्हणून विहिरीजवळचा चाफा तोडू नये. तोडायचंच तर जांभळाचं झाड तोडावं, ते नुसता कचरा करतं.

कलम दोन. माझे पती कै. बेसिल यांचे रंधे, पटाशा, शीड शिवायच्या जाड सुया आणि दोरांची पेटी कळंबच्या आमच्या शीडहोडी क्लबला द्यावी. क्लब म्हणजे समुद्रकिनारी सुरूच्या झाडांखाली एक पत्र्याची शेड. बेसिलने मुंबईहून जुनी होडी टेम्पोत घालून आणली तेव्हा गावात हसं झालं होतं. लोक पोटासाठी समुद्रात जातात, हे चर्चमधली मिस्सा संपवून उगीचच जाणार. पण हसणारेच पुढे सभासद झाले. रविवारी मिस्सा झाली की सगळी कळंबला. दुपारी गोड्या पाण्याने शिडं धुवायची, झाडांना बांधलेल्या दोरांवर वाळत घालायची आणि त्यांच्या सावलीत बसून मटण-पाव खायचा. बेसिलनंतरही ते चालू आहे. मी मात्र लांबच्या बाकावर बसते.

कलम तीन. एरॉलची कळंबला पाहुण्यांसाठी कॉटेजेस आहेत. आमची होडी मागायला तो तीनदा आला. तिच्यात माती भरून जास्वंदी लावायची आणि पाहुण्यांनी तिच्यापुढे फोटो काढायचे, असा त्याचा विचार. त्याला होडी मिळू नये. त्याने आमच्या लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याला परत करावं. ते बंद आहे. मिळालं तेव्हाही बंदच होतं.

कलम चार. होडीबद्दल. तिचं नाव ‘निवांत’. तिला दोन माणसं लागतात, मागे सुकाणूवर एक आणि पुढच्या शिडाच्या दोरावर एक. सुकाणूवर मी असे आणि पुढे सालोमी डाबरे, शाळेत एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण. आम्ही होडीत फारसं बोलत नसू. वारा फिरायच्या आधी तिची मान वळायची आणि मी सुकाणू वळवायचे. वीस वर्षं असंच चाललं.

बेसिल गेल्यावर दोन वर्षांनी, २०१९ साली, क्लबचे आम्ही सहा जण थायलंडला गेलो. तिथे आठवडाभरासाठी मोठी शिडाची बोट भाड्याने घेतली, आत झोपायला खाटा आणि स्वयंपाकाला ओटा असलेली. ते बेसिलचं स्वप्न होतं. चौथ्या दिवशी बोट नांगरून, तिच्या मागे असलेल्या छोट्या रबरी होडीने आम्ही एका बेटावर जेवायला गेलो. जेवून किनाऱ्यावर येऊन पाहतो तर रबरी होडी गाठ सुटून लांब वाहत चाललेली. एका मच्छीमाराने ती ओढून आणली आणि बाकीचे पोट धरून हसले. मी सालोमीला म्हटलं, गाठ तू मारली होतीस. ती म्हणाली, गाठ तुझी होती. आम्हा दोघींना गाठ बेसिलनेच शिकवलेली. बोलण्याला बोलणं लागलं आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, “बेसिलने तुझ्या गाठीवर कधी होडी सोडली नसती.”

उरलेले दिवस आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसलो. विमानतळावरून ती वेगळ्या टॅक्सीने गेली. पुढे तिने इथलं घर सोडून नायगावला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ‘निवांत’ तेव्हापासून निळ्या ताडपत्रीखाली आहे. मध्ये एकदाच बाहेर काढली, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी जेन्सन पुढच्या शिडावर बसले होते. माणूस भला आहे, पण वारा येऊन गेल्यावर सांगतो.

कलम पाच. ‘निवांत’ सालोमीला द्यावी असं मी ठरवलं होतं. वकीलबाईंनी विचारलं, साक्षीदार कोण? मी म्हटलं, एक जेन्सन, दुसरी सालोमी. त्यांनी पेन खाली ठेवलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही म्हणे. होडी द्यायची की सही घ्यायची, एक काय ते ठरवा.

मी आठवडाभर विचार केला. होडी दिली तर सालोमी शेडमध्ये येईल, ताडपत्री काढेल, पण तेव्हा मी नसेन. सही करायची तर तिला या घरात येऊन माझ्यासमोर बसावं लागेल. म्हणून ‘निवांत’ क्लबला द्यावी. सालोमीला मी काहीही देत नाही, कारण मला ती इथे हवी आहे.

प्रिन्सी म्हणते, मावशी, तारीख जवळ आली, शेजारच्या अँजेलिनाची सही घेऊन टाक. घेणार नाही. प्रिन्सीने नायगावला निरोप पोचवला आहे. सालोमी येईपर्यंत हे मृत्युपत्र अपुरं राहील. मला तिची फार आठवण येते. हे कलमात बसत नाही असं वकीलबाई म्हणाल्या, तरी राहू द्यावं.

कलम सहा. माझ्या शवपेटीवर शीड घालू नये. शीड धुऊन, वाळवून ठेवावं, ते वापरायचं असतं. आणि देवाला स्मरून लिहिते की ती गाठ सालोमीने मारली होती.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

ठिकाण: भुईगाव, वसई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
(सही) जुलियाना बेसिल तुस्कानो

साक्षीदार १: (सही) जेन्सन लोपीस, ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार २: (सही) सालोमी डाबरे, २३ नोव्हेंबर २०२५
वरची सही आपली असल्याचं जुलियानाने माझ्यासमोर सांगितलं. सगळा मजकूर वाचला. गाठ तिनेच मारली होती. येताना आधी कळंबला उतरले. पुढच्या शिडाचा दोर कुजला आहे, तो मी बदलते. ती दवाखान्यातून येईपर्यंत सुकाणूला कुणी हात लावायचा नाही.